बसलेला आवाज

स्वयंपाकघरात दोन दिवस गॅसचा वास येत होता, म्हणून चारुशीलानं सकाळी साडेदहाला एजन्सीत फोन लावला. पलीकडची मुलगी घाईत होती. तिनं ग्राहक क्रमांक विचारला, चारुशीलानं सांगितला. थोडा वेळ कीबोर्डाची टकटक ऐकू आली आणि मग मुलगी म्हणाली, "काका, कनेक्शन चारुशीला पिंपळखुटे मॅडमच्या नावावर दिसते. त्यांना जरा फोन द्या ना." चारुशीलानं तोंड उघडलं. मीच ती, एवढंच सांगायचं होतं. पण तिच्या तोंडून निघालं, "त्या बाहेर गेल्या आहेत," आणि तिनं फोन ओट्यावर पालथा ठेवला. बाहेरच्या खोलीत कमलाकांत, तिचा नवरा, वर्तमानपत्र वाचत होता. वकिली सोडून सात वर्षं झाली तरी तो पेपर अजून खटल्याच्या कागदांसारखाच वाचायचा, बोट ठेवून. त्यानं विचारलं, "काय म्हणाले?" ती म्हणाली, "येतील." हा शब्द तिनं मुद्दाम लहान निवडला होता. गेले कित्येक दिवस ती लहान शब्दच निवडत होती, आणि आपण असं करतो आहोत हे तिला त्या क्षणी, गॅसच्या वासात उभं असताना, पहिल्यांदा स्पष्ट कळलं.

काका. अमरावतीच्या एजन्सीतल्या त्या कोणा मुलीला काय ठाऊक असणार. पण तिच्या आईला विचारलं असतं, आजीला विचारलं असतं, तर त्यांनी सांगितलं असतं. चोवीस वर्षं सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी अकोल्याच्या रेडिओवरून हा आवाज साऱ्या वऱ्हाडातल्या घरांत जात होता. 'नमस्कार. उठलात ना? दिवस आपला आहे.' मग दहा मिनिटं श्रोत्यांची पत्रं आणि मनाला उभारी देणारे चार शब्द. कार्यक्रमाचं नावच 'दिवस आपला'. त्या वर्षांत ती अकोल्याच्या जुन्या शहरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची, पहाटे मोर्णा नदीच्या पुलावरून केंद्रावर जायची, आणि दिवसा बाजारात एखाद्या दुकानात नुसतं "हिरव्या दाखवा" म्हणाली की बांगड्यावाला मान वर करून बघायचा. तिचा चेहरा कुणाला माहीत नव्हता. प्रसिद्धी अशी घशात होती. साडी चुरगळलेली असली, केस पांढरे व्हायला लागले, तरी चालायचं; तोंड उघडलं की लोक उठून खुर्ची द्यायचे. निवृत्त झाल्यावरही शाळा-कॉलेजांतून 'सकारात्मक विचारांची ताकद' या विषयावर तिला बोलावणी येत राहिली, आणि माइकसमोर उभी राहिली की ती पुन्हा तीच व्हायची. आता आरशात बघितलं तर सहासष्ट वर्षांची एक बाई दिसत होती, आणि फोनवर काका.

आवाज दिवाळीनंतर बसला होता. आधी वाटलं, फराळाचं तेल. मग थंडी. घरच्या डॉक्टरांनी गुळण्या आणि गोळ्या दिल्या आणि एका चिठ्ठीवर घशाच्या डॉक्टरांचं नाव लिहून म्हणाले, "तीन आठवड्यांत सुटला नाही तर यांच्याकडे जा. दुर्बीण घालून बघतील, पाच मिनिटांचं काम." ती चिठ्ठी तिनं कपाटात साड्यांच्या खाली ठेवली. तीन आठवडे कधीच उलटले. तिनं ज्येष्ठमध चघळला, हळद-दूध घेतलं, सकाळी मौन पाळलं, आणि जे ती लोकांना सांगत आली होती तेच स्वतःला सांगितलं: मन प्रसन्न ठेव, शरीर मनामागून येतं. आपण ज्याचा विचार करतो ते आपल्याकडे चालत येतं, हे वाक्य तिनं किती वेळा म्हटलं असेल. आता त्या वाक्यानं तिलाच कोंडून टाकलं होतं. कारण त्या एका आजाराचं नाव मनात आलं की ती दचकायची. विचार केला, म्हणजे बोलावलं. मग ती घाईघाईनं दुसरं काही मनात आणायची, बागेतली शेवंती, नातवाचं बारसं, आणि शेवंतीच्या मागे ते नाव उभंच असायचं. भाजी चिरताना, आंघोळ करताना, देवासमोर बसल्यावर तर हमखास. घास गिळताना ती लक्ष द्यायची, अडकतो का. अडकत नव्हता. अडकत नाही म्हणून बरं वाटायचं, आणि बरं वाटण्याइतकं आपण घाबरलो आहोत हे कळून ती पुढचा घास ताटातच ठेवायची. तिला आजाराची भीती वाटत होतीच. त्याहून जास्त तिला स्वतःच्या भीतीची भीती वाटत होती.

अशात अकोल्याहून देवानंदचा फोन आला. जुन्या शहरात त्याचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान, आणि तो तिथल्या श्रोता मंडळाचा अध्यक्ष; तिची कॉलेजांतली भाषणंही तोच ठरवायचा. मंडळाला पंचवीस वर्षं झाली होती आणि पहिला सत्कार बाईंचाच करायचा असं ठरलं होतं. "मॅडम, नाही म्हनू नका. लोक तुमाले ऐकाले तरसून राहिले." ती हो म्हणाली. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव. खिडकीबाहेर तूर काढलेली वावरं सरकत होती आणि ती बसमध्ये ओठ मिटून भाषण मनात म्हणत होती. तिथं गेल्यावर सगळं तिच्या अपेक्षेपेक्षा चांगलं होतं. वरच्या मजल्यावरचा हॉल भरलेला, बायका पुढे सतरंजीवर बसलेल्या, शाल, श्रीफळ. मग देवानंद म्हणाला की बाईंच्या भाषणाआधी एक भेट आहे. मंडळातल्या कुणीतरी जुन्या कॅसेटवर कार्यक्रम टेप करून ठेवले होते, त्यातला एक त्यानं मोबाइलवर घेतला होता. त्यानं मोबाइल माइकसमोर धरला आणि हॉलमध्ये तिचा आवाज भरला. सोळा वर्षांपूर्वीचा. स्वच्छ, रुंद, थोडा हसरा. ती स्वतः ऐकतच राहिली. मेलेल्या माणसाला बोलताना ऐकावं तसं. 'वलगावहून रुख्मिणी पुंजाराम गावंडे लिहितात, बाई, माझ्या उजव्या छातीत बोराएवढी गाठ लागते. दुखत नाही. घरी कोणाला सांगितलं नाही. मला फार भेव वाटते. भेव जावं म्हणून काय करू?' इथं तो आवाज क्षणभर थांबला. हे थांबणं तिचं खास होतं, केंद्रावरचे नवे लोक त्याची नक्कल करायचे. मग आवाज मऊ झाला. 'रुख्मिणीताई, गाठ शरीरात नसते हो. गाठ असते मनात. ती सैल करा. रोज सकाळी आरशासमोर उभ्या राहा आणि म्हणा, मी ठणठणीत आहे. भीतीला पाणी घातलं नाही की ती वाळून जाते.'

टाळ्या पडल्या. पुढे बसलेल्या एका बाईनं डोळे पुसले. चारुशीलाच्या अंगावरची शाल एकदम जड झाली. तिला ती सकाळ आठवली. टेबलावर पत्रांचा गठ्ठा, रेकॉर्डिंगला पंधरा मिनिटं उरलेली, आणि या पोस्टकार्डातल्या 'गाठ' या शब्दावर तिची नजर पडली होती. छान शब्द मिळाला असं वाटलं होतं. मनाची गाठ. तिनं पेन्सिलीनं त्याखाली रेघ ओढली होती. पत्र वाचलं होतं तिनं, माइकवर सबंध वाचलं होतं, प्रत्येक अक्षर नीट उच्चारून, आणि त्यातलं एक अक्षरही तिच्या कानात गेलं नव्हतं. छातीत. बोराएवढी. दुखत नाही. त्या दिवशी केंद्रातल्या सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, आणि पुढे कितीतरी भाषणांत तिनं हाच प्रसंग सांगितला होता. त्या बाईचं पुढे काय झालं, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. विचारायचं सुचलंही नव्हतं.

ती बोलायला उठली. "नमस्कार" म्हणाली आणि आवाज मधेच फाटला. पुढचे शब्द नुसती हवा होऊन गेले. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. देवानंदनं माइक घेतला. "बाईंचा कंठ दाटून आला," तो म्हणाला. "प्रेमानं दाटून आला." ती हात जोडून उभी राहिली. तीनशे माणसं तिच्याकडे मायेनं बघत होती आणि त्यांतल्या एकालाही ती काय झालं ते सांगू शकत नव्हती.

परतीच्या बसमध्ये तिनं हिशेब मांडायचा प्रयत्न केला. बोराएवढी गाठ. सोळा वर्षं. रुख्मिणी गेली असेल. बहुतेक गेलीच असेल. आणि जर गेली असेल, तर तिला आपण मारलं. आणि जर आपण मारलं असेल, तर हे जे आता आपल्या घशात बसलं आहे ते उगीच आलेलं नाही. असा विचार करणं वेडेपणाचं आहे हे तिला कळत होतं. पण असाच विचार करायला तिनं एका पिढीला शिकवलं होतं, की जगात काहीच उगीच येत नाही. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा तिला उतरून जावंसं वाटलं, कुठंही.

दुसऱ्या दिवशी ती कमलाकांतला "भाजी घेऊन येते" असं सांगून निघाली आणि ऑटोनं वलगावला गेली. अमरावतीपासून अर्ध्या तासाचं अंतर. इतकी वर्षं तिला ते गाव म्हणजे पोस्टकार्डावरचा शिक्का होतं. एका किराणा दुकानात तिनं विचारलं, "पुंजाराम गावंडे?" दुकानदार म्हणाला, "पुंजाराम त वारला, दोन वर्सं झाले. घर आहे. थे काय निळं फाटक." आणि त्याची बायको आहे का, हा पुढचा प्रश्न तिच्या ओठांवर आला आणि तिनं तो गिळला. निळ्या फाटकापर्यंत शंभर पावलं असतील. प्रत्येक पावलाला तिला वाटत होतं, आत भिंतीवर हार घातलेला फोटो असेल. फोटोतली बाई कशी दिसते तेही तिला दिसायला लागलं होतं.

फाटक उघडं होतं. अंगणात बाजेवर धोतराचं फडकं पसरून एक बाई मुगाच्या वड्या घालत होती. साठीच्या आसपासची, काटक. तिच्या पदराखाली उजवी बाजू सपाट होती. चारुशीला बघत राहिली, आणि आपण कुठं बघतो आहोत हे लक्षात येऊन तिनं मान खाली घातली.

"कोन पायजे?"

"रुख्मिणी गावंडे..."

"मीच. बोला." बाईनं तिच्याकडे निरखून पाहिलं. "घसा लय बसला तुमचा. पानी देऊ?"

तिनं पाणी दिलं. चारुशीला ओसरीच्या पायरीवर टेकली. जिवंत आहे, हे एकच तिच्या डोक्यात घुमत होतं. इथून आत्ता उठून गेलं तरी चालेल, असंही तिला वाटून गेलं. मग ती म्हणाली, "मी अकोल्याच्या रेडिओवर होते. 'दिवस आपला'."

रुख्मिणीचा हात पिठात तसाच थांबला. "त्या बाई? नाई जी. त्यायचा आवाज असा नाई."

"तुम्ही पत्र लिहिलं होतं. गाठीचं. मी उत्तर दिलं होतं, की गाठ मनात असते."

मग मात्र रुख्मिणीनं तिच्याकडे नीट पाहिलं. चिडली नाही, उठलीही नाही. एक वडी घातली, दुसरी घातली. "तुमी सांगतलं, आरशासमोर उभी राहाय. मी राह्यली. दोन महिने राह्यली. रोज म्हनो, मी ठणठणीत आहे. आपलं नाव रेडिओवर आलं, इतक्या मोठ्या बाईनं ताई म्हटलं, मंग खोटं कसं असन? बोराएवढी होती थे लिंबाएवढी झाली. मले वाटे, माह्याच मनात खोट आहे. नीट मनापासून म्हनत नसन म्हनून जाऊन नाई राहिली."

"मग?"

"मंग काय. एक दिवस सासूनं पाह्यलं, आरशासमोर उभी राहून रडून राहिली म्हनून. तिले सांगतलं. थे म्हने, भेव वाटते त दवाखान्यात चाल, घरात भेवून कोनाचं भलं झालं? तिनंच नेलं. डाक्टर म्हने, दोन महिने आधी आली असती त सारी काढा नसती लागली." ती हे सांगत होती आणि वड्यांची रांग पुढे सरकत होती. "वाचली म्हना. पन रेडिओ नाई लावला पुन्हा. बाजूच्या घरून तुमचा आवाज ये त मी घरात निघून जाओ. मले त्या आवाजाचं भेव वाटे."

चारुशीलानं कितीतरी लोकांची कितीतरी पत्रं वाचली होती. या आवाजानं आमचं घर उभं राहिलं, परीक्षेत पास झालो, नवरा दारू सोडून सुधारला. या आवाजाची भीती वाटते असं कुणी लिहिलं नव्हतं. ज्यांना वाटली असेल त्यांनी पत्रच लिहिलं नसेल. "माझं चुकलं," ती म्हणाली. ते शब्द घशातून खरवडत आले.

"चुकलंच," रुख्मिणी म्हणाली.

ऊन ओसरीवर चढलं होतं. एक कोंबडी फाटकातून आत आली, रुख्मिणीनं तिला हुसकलं. मग ती सहज विचारावं तसं म्हणाली, "किती दिवस झाले घशाले?"

"सव्वादोन महिने."

"दाखोला?"

"नाही."

"कावून?"

चोवीस वर्षं तिनं लोकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली होती, हातात कागद नसतानाही. 'का' एवढंच विचारणाऱ्या या एका शब्दापुढे तिला काही सापडेना. तिनं शेवंती शोधली, नातू शोधला. "मला भीती वाटते," ती म्हणाली, आणि तोंडावर पदर धरला, कारण आता रडू थांबवता येत नव्हतं.

रुख्मिणीनं तिला रडू दिलं. पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. उरलेलं पीठ झाकलं, हात धुतले आणि भिंतीपलीकडे हाक मारली, "माणिकबाई, वड्याइकडे ध्यान ठेवजो, कोंबड्या येतात." आत गेली, लुगडं बदलून पायात चपला घालून बाहेर आली. "चला. दुपारी बसते का घशाचा डाक्टर?"

"तुम्ही कशाला..."

"माही सासू नाई आता. नाईतर तिलेच धाडली असती."

चिठ्ठीवर नाव होतं ते डॉक्टर तरुण होते, हातमोजे घालता घालता त्यांनी सांगितलं की नळी नाकातून जाईल, दुखणार नाही, फक्त सांगेन तेव्हा 'ई' म्हणायचं. चारुशीला खुर्चीवर मागे टेकून बसली. नाकात औषधाचा फवारा, मग घशाकडे उतरणारं काहीतरी थंड, परकं. समोरच्या पडद्यावर गुलाबी ओलं काहीतरी हलत होतं. हेच ते. एवढ्याशा दोन पांढऱ्या पट्ट्या. ह्यांच्यावर ती जगली होती. "म्हणा ई," डॉक्टर म्हणाले. ती म्हणाली. पट्ट्या जवळ आल्या आणि मधे नीट मिटल्या नाहीत. डावीवर खरबरीत, पांढुरका एक ठिपका होता. तो तिला डॉक्टरांच्या आधी दिसला. "पुन्हा," डॉक्टर म्हणाले. "ई." "अजून एकदा." कसलाच अर्थ नसलेलं ते एकच अक्षर ती काढत राहिली, आणि तिनं आजवर माइकवर उच्चारलेल्या कुठल्याही शब्दापेक्षा ते तिला खरं वाटलं.

"तुकडा काढून तपासायला लागेल," डॉक्टर म्हणाले. "वाईट असू शकतं?" तिनं विचारलं. ते तिच्याकडे बघून म्हणाले, "असू शकतं." दाराशी बाकावर बसलेल्या रुख्मिणीनं मान हलवली, जणू हा डॉक्टर माणूस बरा आहे असं तिनं ठरवलं.

घरी येऊन तिनं कमलाकांतला सांगितलं. पेपर त्याच्या मांडीवर तसाच होता. त्यानं चष्मा काढला. "मला महिन्याभरापासून वाटत होतं," तो म्हणाला. "विचारायची हिंमत झाली नाही. मला वाटलं, तुझ्यासमोर असं काही बोललेलं तुला आवडणार नाही." बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यानं तिच्यासमोर किती गोष्टी बोलायच्या टाळल्या असतील, या विचारानं तिला पुन्हा भीती वाटली, आणि ही भीती घशातल्या ठिपक्याहून वेगळी होती. त्या दिवशी संध्याकाळी ते दोघं दिवा न लावता बसून राहिले आणि एकमेकांना विचारत राहिले, तुला कशाकशाची भीती वाटते. यादी मोठी निघाली.

आठवड्यानं रिपोर्ट आला. तेच होतं, ज्याचं नाव ती मनातही घेत नव्हती. लहान होतं, वरवर होतं, डॉक्टर म्हणाले की वेळेत आलात, अजून दोन महिने गेले असते तर गोष्ट वेगळी होती. तेहतीस दिवस रेडिएशन. आवाज राहील बहुधा, पूर्वीचा राहील असं मात्र ते सांगणार नाहीत. तिनं देवानंदला निरोप धाडला की पुढच्या महिन्यातली कॉलेजांतली भाषणं रद्द कर, आणि कारण विचारलं तर खरं ते सांग. देवानंदनं उलट विचारलं, "मॅडम, लोकांसाठी एखादा संदेश?" तिनं लिहिलं, "घसा बसला तर तीन आठवड्यांत दाखवा. गाठ लागली तर त्याच दिवशी."

पहिल्या दिवशी ती दवाखान्याच्या तळघरातल्या लांब बोळात बाकावर बसली होती. एका बाजूला कमलाकांत फाइल छातीशी धरून, दुसऱ्या बाजूला रुख्मिणी; ती सकाळच्या ऑटोनं आली होती, कुणी बोलावलेलं नसताना. आतून यंत्राचा घरघराट येत होता. त्या जाड दारामागे माणसाला एकट्याला ठेवतात आणि बाकी सगळे बाहेर निघून जातात, हे तिला कळलं होतं. काहीतरी चांगलं मनात आणावं, अशी जुनी सवय उसळून आली आणि तिनं ती तशीच जाऊ दिली.

"भेव वाटून राहिलं का?" रुख्मिणीनं विचारलं.

"लय वाटून राहिलं," चारुशीला म्हणाली. केंद्रावर लागल्यापासून तिनं असं बोलणं सोडलं होतं. वणीला आजोळी असताना ती असंच बोलायची. त्या फाटक्या आवाजात ते बरं बसलं.

"वाटू द्या," रुख्मिणी म्हणाली.

आतून नर्सनं नाव पुकारलं. चारुशीलानं पायांतल्या चपला बाकाखाली सारल्या, पर्स रुख्मिणीच्या मांडीवर ठेवली आणि उठली.